व इतर

"आत अजून कोण कोण आहे?"

रॅकच्या पलीकडून आवाज आला आणि मी जागच्या जागी थांबले. वाचनालयातला माझा दुसरा दिवस होता. दुपारची वेळ, वाचक कुणी नाही, शिपाई खाली चहा सांगायला गेलेला. म्हणजे वरच्या मजल्यावर मी आणि ताई, दोघीच. मग ताई विचारत होत्या कुणाला?

मी वाकून पुस्तकांच्या फटीतून पाहिलं. ताई स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर लाल पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक. बोट वाकवून त्यांनी पुठ्ठ्यावर टकटक केलं, शेजारणीच्या दारावर करावं तसं. क्षणभर थांबल्या. मग पुस्तक मागच्या बाजूने उघडलं, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि म्हणाल्या, "अस्सं. तुम्ही पण का इथेच?"

मला वाटलं, ही नोकरी धरताना आपण जरा घाईच केली.

तुम्ही कधी जुन्या वाचनालयात गेला असाल, तर अशी लाल-हिरव्या पुठ्ठ्यांची पुस्तकं पाहिली असतील. पाहून सोडूनही दिली असतील. त्यांची गंमत मलाही ताईंमुळेच कळली. पूर्वी सोळा पानांच्या, बत्तीस पानांच्या पुस्तिका खूप यायच्या. त्या रॅकवर उभ्या राहत नाहीत. मोठ्या पुस्तकांच्या मागे घसरतात, चुरगळतात, एक दिवस नाहीशा होतात. म्हणून फार पूर्वीच्या कुणा ग्रंथपालांनी युक्ती केली: चार-चार, पाच-पाच पुस्तिका एकत्र शिवायच्या आणि वर एकच पुठ्ठा चढवायचा. कुणाबरोबर कोण, हे त्यांनी विषय बघून ठरवलं नाही. उंची बघून ठरवलं. त्यामुळे द्राक्षवेलींच्या छाटणीची पुस्तिका बाळंतिणीच्या आहाराला चिकटली, आणि एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अहवाल लग्नातल्या गाण्यांना.

"उंची जुळली की झालं," ताई म्हणायच्या. "आपल्याकडे लग्नं तरी दुसरं काय बघून जमवतात?"

पुठ्ठ्याच्या पाठीवर नाव मात्र एकाचंच, सगळ्यात पुढे असलेल्या पुस्तिकेचं. दाखल नोंदवहीत, म्हणजे वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे क्रमांक देऊन लिहितात त्या मोठ्या वहीत, कुणी तरी देखण्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'द्राक्षवेलींची छाटणी व इतर'. खाली 'आरोग्य आणि स्वच्छता व इतर'. पानंच्या पानं तसंच.

हे 'व इतर' ताईंना सहन होत नसे. कुणी वही उघडली आणि त्यांची नजर तिथे गेली, की कपाळावर आठी आलीच. "इतर म्हणजे कोण? नाव नाही का त्यांना?"

मी तिथे गेले तेव्हा ताईंच्या निवृत्तीला दीडेक वर्ष उरलं होतं. त्या मनमाडच्या. जन्म मनमाडचा, लग्न मनमाडातच, आणि नोकरीची सगळी वर्षं मनमाड-नाशिक अप-डाऊन. सकाळची गाडी, नाशिकरोडला उतरून बस, मग आमच्या वाचनालयाचा अरुंद लाकडी जिना. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायची. ती त्या हमखास विसरायच्या आणि टेबलावर दुसरी शोधायच्या. एकदा अंबाड्यात तीन पेन्सिली होत्या. शिपाई म्हणाला, "ताई, रंगीत खडूची पेटीच बांधा ना." त्यावर ताईंनी त्यातली एक काढून त्याच्या कानामागे खोचली आणि म्हणाल्या, "जा आता. शिकलेला दिसतोस."

त्या सगळ्यांच्याच ताई होत्या. कार्यवाह त्यांच्याहून चांगले आठ-दहा वर्षांनी मोठे, तेही 'ताई'च म्हणायचे. सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांपैकी कुणी "जय भीम, ताई" म्हणे, त्याला पूर्ण आवाजात "जय भीम" मिळे. गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरची अंघोळ उरकून, थेट इकडे येणारे एक आजोबा "राम कृष्ण हरी" म्हणत, त्यांना "या, तुमचा पेपर अजून कुणी चुरगळला नाही" असं मिळे.

एका पुठ्ठ्यातल्या पुस्तकांना त्या 'डबा' म्हणत. खाण्याचा नव्हे, गाडीचा. मनमाडची माणसं सगळ्या जगाकडे फलाटावरून बघतात, निदान ताई तरी बघत. "हा चौघांचा डबा आहे," त्या मला समजावून सांगायच्या. "एका डब्यात बसले म्हणून काय एका घरचे झाले? तिकीट ज्याचं त्याचं वेगळं. उतरायचं ठिकाण वेगळं."

म्हणून त्या प्रत्येकाचं तिकीट फाडत. म्हणजे कार्ड लिहीत. पुढच्या पुस्तिकेचं कार्ड तर असायचंच, पण मागच्या प्रत्येकीचं वेगळं, तिच्या नावाने, तिच्या लेखकाच्या नावाने. आणि कार्डाच्या तळाशी लहान अक्षरात: 'हे अमुक पुस्तकाबरोबर बांधलेले आहे, क्रमाने तिसरे.' हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नेमून दिलेलं काम संपल्यावर, दुपारच्या सुस्त वेळात, वर्षानुवर्षं त्या एकेक डबा उघडून आतल्यांची नावं लिहीत होत्या. उघडायच्या नेहमी मागून. मी एकदा विचारलं, का. म्हणाल्या, "पहिल्याला सगळेच भेटतात."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. मी इंग्रजी माध्यमात शिकले. मराठी घरात बोलायची भाषा, आणि शाळेत आठवड्यातून तीन तास. वाचता येतं, पण मनात अडखळत. मी कमी बोलते ते स्वभावामुळे की वाक्य आधी मनातल्या मनात तपासून घ्यायच्या सवयीमुळे, हे मला आजही सांगता येणार नाही. तपासून होईपर्यंत समोरच्यांचा विषय बदललेला असतो. ग्रंथालयशास्त्र शिकले त्यामागे थोडा हिशोब होता, की इथे बोलावं कमी लागेल.

ताई दाखल क्रमांक सांगायच्या आणि मी संगणकात टाइप करायचे. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "एकोणऐंशी." माझी बोटं कीबोर्डवर थांबली. एकोणऐंशी म्हणजे एकोणसत्तरच्या अलीकडे की पलीकडे, हे मी इंग्रजीतून मोजत होते. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे बघत म्हणाल्या, "सात, नऊ." त्यानंतर दीड वर्ष त्यांनी मला प्रत्येक आकडा सुटा सुटा सांगितला. कधी कारण सांगितलं नाही, कधी हसल्या नाहीत, कधी कुणासमोर म्हणाल्या नाहीत. इतरांशी बोलताना मात्र एकोणऐंशी ते एकोणऐंशीच.

मुखपृष्ठावरची नावं मला मोठ्याने वाचायला लावत. मी जोडाक्षरापाशी अडले की त्या चष्मा शोधायला लागायच्या. चष्मा कपाळावरच असायचा. माझं वाचून झालं की सापडायचा.

ताईंचा आवडता किस्सा छाटणीवाल्या पुस्तकाचा होता. दिंडोरीकडच्या एका बागाईतदाराने ते नेलं आणि कितीतरी महिने आणलंच नाही. ताईंनी दोन पोस्टकार्डं टाकली. शेवटी एक दिवस तो आला, पुस्तक स्वच्छ वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सोबत बायको, तिच्या कडेवर बाळ.

"ताई, चुकलं," तो म्हणाला. "पण नेलं एकच व्हतं, घरात दोघांनी दोन वाचली ना. मी छाटणीचं वाचलं, हिनं मागचं बाळंतिणीचं. लय कामाला आलं."

"काय झालं, मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"आणि द्राक्षं?"

"त्यांचं काय खरं नाय, ताई."

हा प्रसंग सांगताना ताई त्याचं ते तोंड करून दाखवायच्या. मग गंभीर होऊन म्हणायच्या, "त्या बाईला पुस्तक अपघाताने मिळालं, हे ध्यानात घे. नवऱ्याची बाग होती म्हणून मिळालं. नसती तर?"

हरसूलचे एक गुरुजी आले त्या दिवशी ताई खाली चहाला गेल्या होत्या. तोवर संगणकाचं काम बरंच पुढे गेलं होतं. एका कंत्राटदाराने दाखल नोंदवही भरून दिली होती, 'व इतर' तेवढं गाळून. एक ओळ, एक पुस्तक. मागे शिवलेल्यांची नावं वहीत नव्हतीच, त्यामुळे पडद्यावरही नव्हती. ती होती फक्त ताईंच्या कार्डांवर, आणि कार्डांचे खण होते माझ्या खुर्चीच्या मागे चार पावलांवर.

गुरुजी तिशी-पस्तिशीचे असतील. बॅग छातीशी धरलेली, केस प्रवासाने विस्कटलेले. प्राथमिक शाळेत शिकवतो म्हणाले. त्यांना त्यांच्या भागातल्या लग्नातल्या गाण्यांची एक जुनी पुस्तिका हवी होती. मी नाव टाइप केलं. काही आलं नाही. दुसऱ्या प्रकारे केलं. नाही.

"नाही आहे," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. वाद घातला नाही. आभार मानले आणि जिना उतरून गेले. एवढं होईपर्यंत मी खुर्चीत मागे वळलेसुद्धा नव्हते.

ताई वर आल्या. "कोण होते ते? जिन्यात भेटले. तोंड पार उतरलं होतं."

मी सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ताई वळल्या होत्या. साठीला आलेली बाई त्या अरुंद जिन्यावरून इतक्या वेगाने उतरू शकते, हे मी त्या दिवशी पाहिलं. खिडकीतून दिसलं ते असं: रिक्षा स्टँडपाशी गुरुजी एक पाय रिक्षात ठेवून उभे, आणि ताई रिक्षावाल्याला हात करून ओरडतायत, "ओ, थांबवा! आमचा वाचक आहे तो!"

दोघं वर आले. ताईंनी खण उघडला नाही. त्यांना पाठ होतं. थेट रॅककडे गेल्या आणि हिरव्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं. पाठीवर नाव 'आरोग्य आणि स्वच्छता'. गुरुजींचा चेहरा पुन्हा पडला. ताईंनी टेबलावर ठेवून टकटक केलं.

"आत कोण कोण आहे, बघू."

पहिलं आरोग्य, दुसरं एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अहवाल, तिसरी ती गाणी, चौथं सूत कसं कातावं. गाण्यांच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर गाणी सांगणाऱ्या बायकांची नावं होती, पाड्यांच्या नावांसकट. गुरुजींनी बोट ठेवून एकेक नाव वाचलं. खालून दुसऱ्या नावावर बोट थांबलं.

"ही आजी हाय माझी," ते म्हणाले. शहरात येताना बरोबर आणलेली जपून बोलायची भाषा गळून पडली होती. "ती म्हणायची, माझी गाणी पुस्तकात छापल्यात. घरात कुणाचाच विश्वास नव्हता. मरेपर्यंत म्हणत व्हती."

त्यांनी मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढला, मग पुन्हा एकदा काढला. मग विचारलं, "ताई, थोडं म्हणून बघितलं तर चालंल? चाल आठवती का बघतो."

आमच्याकडे भिंतीवर 'शांतता राखा' अशी मोठी पाटी आहे. ताईंनी खुर्ची फिरवली आणि पाटीकडे पाठ करून बसल्या. "म्हणा," त्या म्हणाल्या. "मला तर काही दिसत नाही."

ते गेल्यावर मी ओरडा खायची वाट बघत बसले. ताईंनी चहा मागवला.

"तू नाही म्हणालीस ते खोटं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या यादीत नव्हतंच. यादीच अर्धी आहे." मग बशीत चहा ओतून फुंकर मारत, जणू वेगळाच विषय काढतायत अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे एक फोटो आहे. मनमाडला, भावाच्या घरात लावलाय. रेल्वेचा कसला तरी समारंभ होता. खाली तीन साहेबांची नावं छापलीत, आणि पुढे 'व इतर'. आमचे वडील डावीकडून पाचवे. गँगमन होते, रुळांच्या दुरुस्तीवर. घरी पाहुणा आला की आई बोट दाखवून सांगायची, हे आमचे. फोटोत काही लिहिलेलं नाही ना."

मी काही तरी म्हणायला हवं होतं. वाक्य तपासत बसले.

"चहा गार होतोय, पी," ताई म्हणाल्या.

त्याच आठवड्यात मी एक काम केलं आणि कुणाला सांगितलं नाही. आमच्या संगणक प्रणालीची मदतीची पानं इंग्रजीत होती. कुणी ती उघडलीच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचून काढली. इंग्रजीत मी अडत नाही. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की एका पुठ्ठ्यात अनेक पुस्तकं असतील तर प्रत्येकाची वेगळी नोंद करता येते आणि त्या सगळ्या नोंदी एकाच क्रमांकाला जोडता येतात. ताई हाताने करत होत्या तेच. मी हिरव्या पुस्तकातल्या गाण्यांची नोंद करून पाहिली. जमली. नाव टाकलं की लगेच वर येत होती. मग, कुणी विचारेल हे कोणी केलं, म्हणून मी ती पुसून टाकली.

पंधरा दिवसांनी कार्यकारिणीची बैठक झाली. कार्यवाहांनी सांगितलं, की संगणकाचं काम संपत आलंय, तेव्हा कार्डांची कपाटं काढून टाकू, तिथे मुलांना अभ्यासाला टेबलं लावू. मागणी खरी होती. परीक्षेच्या दिवसांत मुलं जिन्यात बसून अभ्यास करतात.

"माझी मागची कार्डं?" ताईंनी विचारलं. "ती यात कुठे आली?"

"ताई, एका पुस्तकाला एक नंबर, एक स्टिकर. एवढंच असतं. कॉम्प्युटरला तुमचं ते डब्याचं प्रकरण जमत नाही." कार्यवाह वाईट माणूस नव्हेत. कंत्राटदाराने त्यांना जे सांगितलं ते ते सांगत होते.

"जमत नाही, की विचारलं नाही?"

"आता कोणाला विचारायचं?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, कारण संगणकावर बसणारी मीच होते. माझ्या मनात वाक्य तयार होतं. इंग्रजीत तर दोनदा तयार होतं. मी टेबलावरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघत राहिले. कुणी तरी म्हणालं, "चला, पुढचा विषय."

जिन्यावर ताई माझ्या मागून उतरत होत्या. "तुला काही तरी म्हणायचं होतं," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई."

"बरं."

त्या एवढ्याच शब्दावर थांबल्या. दुसऱ्या दिवशी क्रमांक सांगायला बसल्या तेव्हा तसंच: "चार, एक, सात." मला वाटलं होतं, आता तरी एकदम सांगतील.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशीही सकाळच्याच गाडीने आल्या. निरोप समारंभ चारला होता, तोवर नेहमीच्या जागेवर बसून कार्ड लिहीत होत्या. कपाटं तेव्हा जिन्याखाली हलवलेली होती, भंगारवाला अजून ठरायचा होता, तरी त्या कार्ड लिहीत होत्या. शाल झाली, नारळ झाला, कार्यवाहांचं भाषण झालं. त्यात ताईंच्या शिस्तीचा उल्लेख चारदा आणि भांडखोरपणाचा एकदा, प्रेमाने. मग त्यांना भेट म्हणून एक जाड पुस्तक दिलं. ताईंनी ते हातात घेतलं, बोट वाकवून टकटक केलं, मागून उघडलं आणि कार्यवाहांकडे बघत म्हणाल्या, "एकटाच आहे. सुटलात."

सगळा हॉल हसला. बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा म्हणाल्या, "इथला चहा चांगला नव्हता, पण वेळेवर यायचा. सगळ्यांचे आभार. माझी गाडी आहे."

जाताना जिन्याखाली थांबल्या. एका खणावरून बोट फिरवलं, बोटाची धूळ पदराला पुसली. मला म्हणाल्या, "आहेत तोवर पुसत जा." मला वाटलं अजून काही म्हणतील. मी कपाटाला टेकून उभी होते. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बस गाठायला निघाल्या. अंबाड्यात पेन्सिल तशीच होती.

मी रोज पुसत होते. एवढंच करत होते. कधी कधी खण उघडून त्यांचं अक्षर बघायचे. 'क्रमाने तिसरे.' 'क्रमाने दुसरे.' वाचता वाचता माझं वाचन बरंच सुधारलं.

गेल्या महिन्यात पुन्हा बैठक झाली. विषय जागेचाच. रॅक भरलेत, नवी पुस्तकं ठेवायला जागा नाही, तेव्हा एकाच पुस्तकाच्या जादा प्रती रद्दीत काढायच्या. यादी संगणकानेच काढली होती: सारख्या नावाची पुस्तकं, एक ठेवून बाकी बाद. बाद होणारी पुस्तकं रॅकवरून काढून बैठकीच्या टेबलावर रचायचं काम माझ्याकडे होतं. मी यादी बघून काढत गेले. 'आरोग्य आणि स्वच्छता', तीन प्रती. एक सुटी, कोरी करकरीत. ती ठेवायची. दुसरी फाटकी. तिसरी हिरव्या पुठ्ठ्याची, नेहमीपेक्षा जाड.

मी ती हातात धरून रॅकपाशी किती वेळ उभी होते, माहीत नाही. यादीप्रमाणे ती बाद होती. मी ती इतरांबरोबर टेबलावर नेऊन ठेवली. मात्र माझ्या खुर्चीसमोर ठेवली.

बैठक सुरू झाली. खिडकीपाशी ताई बसायच्या ती खुर्ची कुणी तरी भिंतीला लावून ठेवली होती आणि तिच्यावर दोघांची हेल्मेटं होती. कार्यवाह यादी वाचत होते, बाकीचे माना डोलावत होते, शिपाई एकेक पुस्तक उचलून दाराजवळच्या पोत्यात टाकत होता.

"आरोग्य आणि स्वच्छता. तीन प्रती, दोन बाद." कार्यवाह थांबून हसले. "ताई असत्या तर एव्हाना भांडण सुरू झालं असतं."

सगळे हसले. त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांना ताईंची आठवण आली होती, एवढंच. शिपायाने फाटकी प्रत पोत्यात टाकली आणि हिरव्या पुस्तकाकडे हात पुढे केला.

माझं वाक्य अजून तयार नव्हतं. ते मी तपासत होते. पण तेवढ्यात माझं बोट वाकलं आणि त्याने पुठ्ठ्यावर टकटक केलं. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा झाला.

"कोण आहे? या आत," एक सभासद दाराकडे बघत म्हणाले.

दारात कुणी नव्हतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. शिपायाचा हात तसाच पुढे राहिला होता. मी पुस्तक जवळ ओढलं आणि मागून उघडलं. सूत कातायचं पुस्तक आलं, त्याच्या अलीकडे ते शेवटचं पान, खालून दुसरं नाव.

"काय झालं, मॅडम?" कार्यवाहांनी विचारलं.

"आत अजून तिघं जण आहेत, सर," मी म्हणाले. "हे जायचं नाही. जिन्याखालची कार्डंही जायची नाहीत, ती मी भरून देते. कॉम्प्युटरला जमतं. तुम्ही ताईंना नाही म्हणालात तेव्हाही जमत होतं. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही."